चार मिनिटं दहा सेकंद

३ तारीख, मंगळवार

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणावर ढकलता येणार नाही. ही मोटर दुरुस्त करायला मला कुणीही सांगितलेलं नाही. मीच म्हणालो.

ताई आज दुपारी शेवटच्या लाँचने आली. शेवटच्या म्हणजे खरोखरच शेवटच्या, कारण उद्यापासून तलावावरची प्रवासी लाँच कायमची बंद आहे. ताईचं घर पलीकडच्या काठावर. पाण्यावरून पंचवीस मिनिटं, रस्त्याने दोन बस बदलून साडेतीन तास. तिची छोटी बोट लाँचच्या मागे बांधून आणली होती आणि बोटीवर ताडपत्रीत गुंडाळलेली भाऊजींची, बोटीला मागे लावायची पाच घोड्यांच्या ताकदीची मोटर. भाऊजी गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

"ही आता मोडीतच जायची," ताई म्हणाली.

"मोडीत कशाला? मी करतो की."

"तू?" ती म्हणाली, आणि बायकोकडे बघून हसली.

प्रश्न सरळ आहे. मोटर चालली तर ताई स्वतःच्या घरी राहील, हवं तेव्हा इकडे येईल. नाही चालली तर तिकडे एकटीने अडकून राहण्यात अर्थ नाही. तलावाच्या मोजणीसाठी आलेल्या एका सर्व्हेअरने तिचं घर तीन वर्षांसाठी भाड्याने मागितलं आहे. त्याला अठ्ठावीस तारखेच्या आत हो किंवा नाही कळवायचं आहे. म्हणजे माझ्या हातात पंचवीस दिवस आहेत. वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना इंजिनाचं चक्र समजावून सांगतो आहे. पंचवीस दिवस पुष्कळ झाले.

ताईला मुलीच्या खोलीत जागा दिली. मुलगी वसतिगृहात असते. "ती सुटीत येईपर्यंत खोली मोकळीच आहे," असं ताईला मुद्दाम सांगितलं, तिला संकोच वाटू नये म्हणून.

४ तारीख, बुधवार

मागच्या व्हरांड्यात लाकडी घोडा ठोकून त्यावर मोटर टांगली. वरचं झाकण काढलं. आत भाऊजींच्या हातचं सगळं आहे तसंच. एका वायरला निळ्या दोऱ्याची गाठ, एका नटावर नखाने ओढल्यासारखी पांढरी खूण. ती खूण कशासाठी ते माहीत नाही. माहितीपुस्तक आहे, पण त्याची पहिली बारा पानं नाहीत, आणि नेमकी चालू करण्याची कृती पहिल्या पानांत असणार. चालू कसं करायचं हे मला पुस्तकाने सांगायची गरज नाही, असं आत्ता वाटतंय.

६ तारीख, शुक्रवार

कार्ब्युरेटर उघडला. दोन वर्षांपूर्वीचं पेट्रोल आत आटून चिकट काकवीसारखं झालेलं. सगळं रॉकेलमध्ये बुडवलं, बारीक तारेने भोकं मोकळी केली. हे करताना पेट्रोल ज्यातून फवारतं ते मिरीच्या दाण्याएवढं पितळी जेट हातातून उडालं. दीड तास गुडघ्यांवर रांगत प्रयोगशाळेतून आणलेलं चुंबक फरशीवर फिरवत होतो. पितळ चुंबकाला लागत नाही हे मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवतो. ताई चहा घेऊन आली आणि तिने माझ्या पँटच्या दुमडीतून जेट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जोडणी झाल्यावर मोटरच्या टाकीत पेट्रोल आणि ऑइल मिसळून भरलं. मोटर घोड्यावर जरा कलती आहे, त्यामुळे टाकीच्या झाकणावरच्या एका छोट्या स्क्रूमधून थेंब थेंब गळत होतं. फरशीवर डाग पडले. बायको आधीच वासाने त्रासली आहे. स्क्रूला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून पक्कडीने घट्ट आवळला. गळती बंद.

ताई अजून दारातच होती. "तो घट्ट केलास?" तिने विचारलं.

"हो. अगदी फिट्ट."

"बरं," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

९ तारीख, सोमवार

चालू झाली.

पिंपात पाणी भरून मोटरचं पंख्याकडचं शेपूट त्यात सोडलं. दोरी चौदा वेळा ओढली. पंधराव्यांदा धूर, मग ठोका, मग एकदम सगळं व्हरांड्यासकट थरथरायला लागलं. बाजूच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट येत होती. मी बायकोला हाका मारल्या. बायको आणि ताई दोघी आल्या. ताईच्या हातात मुलीच्या खोलीचा जुना पडदा होता, तिने नवा शिवून लावला आहे म्हणे. तिघं उभे राहून बघत होतो.

आणि मग मोटर दमल्यासारखी झाली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, दोरी ओढली, पहिल्याच ओढीला चालू. पुन्हा तेच. या वेळी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद.

"काय झालं असेल?" मी म्हणालो.

"इंजिनातलं मला काय कळतंय," ताई म्हणाली. बायकोने तिच्याकडे पाहिलं.

१० तारीख, मंगळवार

धक्क्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याला सगळे 'थांबा' म्हणतात. कुणी काहीही घेऊन आलं की तो मान वर न करता "थांबा" म्हणतो, म्हणून. मीही थांबलो. पाऊण तास.

"उघडली का तुम्ही?" त्याने विचारलं.

"कार्ब्युरेटर फक्त."

"मग नाही घेणार. दुसऱ्याने उघडलेल्या इंजिनाला मी हात लावत नाही. माझ्या वडिलांचा नियम आहे."

"अहो, पण नुसतं बघा तरी."

"बघितलं की हात जातो, साहेब. तुम्ही उघडली, तुम्हीच मिटवा."

राग आला. पण विचार केला तर त्याचं चूक नाही. माझं अर्धवट काम तो का निस्तरेल? तरीही राग आला. दोन्ही लिहून ठेवतो.

१३ तारीख, शुक्रवार

प्लग नवा. ठिणगी निळी, जाड. पाइप बदलला. कार्ब्युरेटर आणखी दोनदा उघडला. चार मिनिटं दहा सेकंद. कधी चार पाच, कधी चार वीस. बंद पडली की टाकीत डोकावतो, पेट्रोल असतं, झाकण लावतो, चालू होते. मला वाटतं ती माझी थट्टा करते आहे. हे वाक्य शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने लिहू नये, तरी तसंच ठेवतो.

व्हरांड्यात काम करायला जागा उरलेली नाही. ताईचं शिवणयंत्र आता खिडकीशी आलं आहे, "उजेड चांगला म्हणून." ते ती घेऊन आली होती हेच मला ठाऊक नव्हतं. शेजारची एक बाई कपडे शिवायला टाकून गेली. कुंड्याही वाढल्यात. मी बायकोला म्हणालो, "पंधरा दिवसांसाठी एवढा पसारा?"

बायको औषधांच्या दुकानात आठ तास उभी असते, संध्याकाळी तिला बोलायचा कंटाळा येतो. आज मात्र बोलली. "मोटरचं एवढं काय घेऊन बसलात? ताई आहेत की इथे, छान चाललंय आमचं."

"तुला वासाचा त्रास होतोय, मला कळतंय. थोडेच दिवस."

"वासाचं कोण बोलतंय?" ती म्हणाली, आणि मग खरंच बोलली नाही.

नंतर स्वतःला विचारलं. ताईच्या पसाऱ्याची मला चीड येते, म्हणून तर मी मोटरच्या मागे लागलो नाही ना? ती लवकर जावी म्हणून? प्रामाणिक उत्तर: थोडंसं असेल. शिवणयंत्राचा आवाज मला आवडत नाही. पण मुख्य कारण ते नाही. ताईने कधीच कुणाच्या जिवावर दिवस काढलेले नाहीत. भाऊजी आजारी होते तेव्हासुद्धा तिने मला दोन दिवसांच्या वर राहू दिलं नव्हतं. तिला तिचं घर परत मिळवून देणं हे माझं काम आहे.

१५ तारीख, रविवार

आज पद्धतशीर प्रयोग केला. टाकी पूर्ण भरून: दोन मिनिटं. अर्धी भरून: चार मिनिटं दहा. पाव भरून: सहा मिनिटं पाच. आलेख काढला, सुंदर रेषा आली. पेट्रोल जास्त तेवढी मोटर लवकर बंद! अनुमान: भरलेल्या टाकीचा भार कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटवर पडून तो अडकत असणार. नवा फ्लोट मागवला.

आलेख ताईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "किती बारकाईने केलंयस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. पेट्रोलच्या धुराने होतं तसं. उद्यापासून पिंप अंगणात नेतो.

१६ तारीख, सोमवार

मनातली शंका राहू नये म्हणून आज ताईला सरळ विचारलं. ती शेजारणीचं काहीतरी उसवत होती.

"ताई, खरं सांग हं. तुला परत जायचंय ना?"

ती दोरा तोडेपर्यंत थांबली. "तू एवढा खपतोयस," ती म्हणाली. "चालली तर जाईन की."

उत्तर स्पष्ट मिळालं. मन हलकं झालं.

१९ तारीख, गुरुवार

नवा फ्लोट बसवला. चार मिनिटं दहा सेकंद.

२१ तारीख, शनिवार

आज मी पिंपाला लाथ मारली. कुणी नाही हे पाहून मारली, म्हणजे पूर्ण भानावर होतो. अंगठ्याचं नख काळं पडलं. पिंप लवंडलं, अंगणभर तेलकट पाणी, ताईच्या दोन कुंड्या आडव्या. त्या उचलत असताना ती आली आणि माझ्याआधी खाली वाकली.

"सोड आता," ती म्हणाली. "नाही चालत तर नाही चालत. मी त्या सर्व्हेअरला हो म्हणून टाकते."

"माझ्यामुळे तुझं घर जायला नको."

"घर कुठे जातंय? भिंती आहेत, राहतील तिथेच."

"तू माझी समजूत घालतेयस."

"हो रे बाबा, तुझीच घालतेय," ती म्हणाली. मातीने भरलेल्या हातांनी तशीच बसून राहिली. मला इतकं अपराधी वाटलं की नखाचं दुखणं विसरलो. उरलेल्या सात दिवसांत ही मोटर चालवून दाखवणार, असं तिला वचन दिलं. तिने कुंडीतली माती दाबून बसवली. फार दमलेली दिसली.

२२ तारीख, रविवार

झालं.

सकाळी अंगणात चाचणी घेत होतो. मोटर बंद पडली आणि फाटकावरून आवाज आला, "बरोबर. आता मेली." थांबा उभा होता. "दहा दिवस धक्क्यावरून ऐकतोय. चार मिनिटं झाली की माझेच कान टवकारतात. कामात लक्ष लागत नाही."

तो आत आला, पण दोन्ही हात खिशात घालून. मोटरभोवती एक फेरी मारली. मग हनुवटीने टाकीच्या झाकणाकडे खूण केली. "तो बारका स्क्रू कुणी आवळला?"

"मी. गळत होतं."

"हवा कुठून जाणार आत? पेट्रोल खाली उतरतं तेवढी जागा रिकामी होते. तिथे हवा शिरायला नको? दम कोंडून मरतेय बिचारी. चालू करताना तो ढिला करायचा, काम झालं की आवळायचा."

मी स्क्रू ढिला केला. सुस्स करून आवाज आला. मोटर चालू केली. चार मिनिटं, दहा, वीस. चाळिसाव्या मिनिटाला मीच बंद केली. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून पोकळी लवकर होते. माझा आलेख ओरडून हेच सांगत होता आणि मी फ्लोट विकत आणला. हा प्रयोग आम्ही पहिल्या वर्षाला काचेच्या नळीवर करून दाखवतो. सोळा दिवस! मुलांना कळलं तर वर्गात तोंड दाखवायला नको.

"घरात ताई असताना हे व्हावं?" थांबा जाता जाता म्हणाला. "आमचं दुकान आधी पलीकडच्या काठावर होतं, रोज सकाळी बोट सोडताना आमच्यापर्यंत ऐकू यायचं. 'अहो, हवा सोडली का? अहो, हवा!' तुमचे भाऊजी रोज विसरायचे. वीस वर्षं."

ताईला बातमी सांगायला धावलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चहाचं आधण उतरवलं. "झाली का," ती म्हणाली. "छान झालं."

स्क्रूचं सांगितलं तर म्हणाली, "हो का?"

तिला आठवलं नसणार. दोन वर्षं झाली, आणि त्या दिवसांची आठवण ती मुद्दाम टाळत असेल. मी तो विषय वाढवला नाही.

२४ तारीख, मंगळवार

ताईला बसवून तलावावर चाचणी. मोटर उत्तम. ताई सगळा वेळ मागे, आमच्या काठाकडे तोंड करून बसली. समोरून वारा होता.

२५ तारीख, बुधवार

ताई गेली. धक्क्यावर मी तिला तीनदा विचारलं, सगळं घेतलंस ना. शिवणयंत्र बोटीत चढवताना बायको आली नाही, तिने दुकानात ज्यादा पाळी घेतली होती. ताईने एका ओढीत मोटर चालू केली. हात करून गेली. मी ती ठिपक्याएवढी होईपर्यंत मोटरचा आवाज ऐकत होतो. एकदाही अडखळली नाही.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "पंचवीस मिनिटांत पोचलीसुद्धा."

"अभिनंदन," ती म्हणाली. जेवायला बसली नाही.

व्हरांडा मोकळा झाला आहे. तिथे बसून काहीतरी वाचायचं असं किती दिवस मनात होतं. बसलो. उठलो.

२७ तारीख, शुक्रवार

प्रात्यक्षिकाच्या तासाला एका मुलीने विचारलं, "सर, रोज करायची गोष्ट माणूस किती वर्षांनी विसरतो?" ती तोलकाट्याच्या वापराबद्दल बोलत होती. सुटीनंतर तिच्या हाताला काटा जमत नव्हता. मी म्हणालो, विसरत नाही, हात विसरत नाही. आणि तिथेच थांबलो.

वीस वर्षं रोज सकाळी 'अहो, हवा.' ती विसरली नव्हती. सहा तारखेला तिने विचारलं होतं, तो घट्ट केलास? मी ही वही मागे जाऊन वाचली. ते मीच लिहिलेलं आहे. 'बरं' हेसुद्धा लिहिलेलं आहे.

ताईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. माझा काळा अंगठा, फ्लोट, आलेख, सगळं बघत ती गप्प राहिली. आधी मला राग आला. सोळा दिवस मला खुळ्यासारखं राबवलं. तो राग साधारण अर्धा तास टिकला. मग सगळीच पानं वाचली. पडदा. कुंड्या. बायको काय म्हणत होती ते. इतकं नीट टिपून ठेवणारा माणूस इतका ठार आंधळा कसा असू शकतो, हे मला खरंच कळत नाही.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"ताईंनी शपथ घातली होती. राहा म्हणून तो आपणहून विचारेल तर विचारेल म्हणाल्या, सांगून नको."

उद्या अठ्ठावीस.

२८ तारीख, शनिवार

पहाटेची बस. दुसरी बस चुकली, पुढच्या बसमध्ये उभा होतो. साडेतीनचे पाच तास झाले. ताईचं दार उघडंच होतं. आत शिवणयंत्र दोरीने बांधलेलं तसंच, पिशव्यांच्या गाठीसुद्धा सोडलेल्या नाहीत. ती ट्रंकेवर बसून पेरू कापत होती.

"मोटर बिघडली म्हणून आलास?"

"नाही."

"मग?"

बसमध्ये मी चार प्रकारे वाक्य तयार केलं होतं. त्यातलं एकही आलं नाही. "तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

तिने पेरूची फोड माझ्यापुढे केली. "हो."

"सांगितलं का नाहीस?"

"ती बंद होती तोवर माझ्याकडे कारण होतं. कुणी विचारलं, भावाकडे किती दिवस, तर सांगायला." सुरी पुसत ती म्हणाली. "तुझ्या घरी मी राहतेच आहे, असं कुणी म्हणायला हवं होतं. तू पाना घेऊन बसलास."

"मी आत्ता म्हणतोय. आमच्याकडे राहायला चल."

"मोटर चांगली चालतेय की आता."

"ती तिकडून इकडेही तेवढीच चालते. तुला वाटेल तेव्हा येऊन घर बघ."

"आणि मुलगी सुटीत आली की?"

"दुसरी कॉट खिडकीखाली बसते. मापून आलोय. तिला काल फोन केला, ती म्हणाली, नवी कॉट आत्यासाठी नको, माझ्यासाठी मापा, आत्याची आहे ती हलवू नका."

ताई हसली, मग तोंडाला पदर लावून बराच वेळ बाहेर बघत राहिली. मी पेरू खाल्ला. माझ्याकडे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दुपारी सर्व्हेअर आला. मला वाटलं ती तीन वर्षांचा होकार देईल. ताई म्हणाली, "एक वर्ष. आणि मागची खोली मला लागेल, तिची किल्ली माझ्याकडे." तो कुरकुरला. ती उठून पेरूची सालं टाकायला गेली. परत येईपर्यंत तो कबूल झाला होता.

परतताना मोटर तिने चालवली. मला पुढे बसवलं, पिशव्यांबरोबर, आणि हलू नको म्हणाली. तलावाच्या मध्यावर वेग कमी केल्यावर मोटर किंचित अडखळते, हे माझ्या लक्षात आलं. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला तर जाईल. तसं मी ओरडून तिला सांगितलं.

"राहू दे," ताई म्हणाली.

राहू दिलं.